एका उचलीला एकच हात

धक्का म्हणावा इतकाही तो धक्का नव्हता. रविवारी सकाळी, आमच्या इमारतीच्या तळघरात, खांब आणि गाडी यांच्यामध्ये उभी राहून मी नवऱ्याला गाडी मागे घ्यायला सांगत होते, आणि गाडी आली. चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू आली. तिच्या मागच्या बंपरनं माझ्या उजव्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूनं टेकून बघितलं, जणू ओळख विचारतोय. माझं पाऊल खांबाभोवतीच्या कट्ट्याला अडलेलं होतं, त्याला जायला जागा नव्हती, म्हणून मग गुडघाच आतल्या बाजूला गेला. बशीला तडा जावा तसा आवाज झाला. दुखलं नाही. दुखणं नंतर आलं, अगदी पद्धतशीर, आधी निरोप पाठवून आल्यासारखं. गाडी पुढे सरकली, थांबली, नवरा उतरला. मी खांबाला मिठी मारून एका पायावर उभी होते आणि त्या खांबाचा रंग ओला आहे की काय, साडीला लागेल, असा काहीतरी विचार करत होते. तो जवळ आला आणि पहिलं वाक्य बोलला, ‘‘तू बोलली का नाहीस?’’

लागलं का, असं त्यानं विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण नंतर. आणि माणसाच्या मनाचं हे असं असतं, की आधी काय बोललं गेलं ते दगडावर कोरलं जातं आणि नंतरचं सगळं पाण्यावर. बोलली का नाहीस. वीस-बावीस वर्षं मी न बोलण्याचंच काम केलं आहे आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी क्रेनची सिग्नलवाली. खाली उभं राहायचं, वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हातानं सांगायचं: घे, सोड, डावीकडे, हळू. आणि मूठ वळून हात वर केला की थांब. जिथं असशील तिथं थांब. साइटवर माल उचलताना कुणी ओरडायचं नाही, हा पहिला नियम. पाचजण ओरडायला लागले की वरच्यानं कुणाचं ऐकायचं? म्हणून एका उचलीला एकच हात. माझा हात. आणि त्या हाताकडे बघत वर बसलेला ऑपरेटर म्हणजे तो. आमचं लग्न व्हायच्या आधी दोन वर्षं आम्ही असे बोलत होतो, तो आभाळात आणि मी चिखलात. तोंडानं पहिल्यांदा बोललो तेव्हा दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. तो मला ‘सिग्नल’ म्हणायचा, मी त्याला ‘ऑपरेटर’. लग्नानंतरही तेच राहिलं. साइटवरचे लोक मात्र त्याला ‘घार’ म्हणत, कारण इतक्या उंचावरून त्याला माझ्या करंगळीतली अंगठीसुद्धा दिसायची. मी मूठ वळली आणि तो थांबला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. टनभर लोखंड माझ्या डोक्यावर लोंबकळत असायचं आणि मी घरच्या छपराखाली उभी असल्यासारखी निर्धास्त असायचे. लोकांची लग्नं कशावर उभी असतात कुणास ठाऊक. आमचं त्याच्यावर उभं होतं.

त्या सकाळीही मी मूठच वळली. जागा संपली होती, मी हात वर केला, मूठ वळली आणि पूर्ण भरवशानं तिथंच उभी राहिले. दुसरी कुठलीही बाई किंचाळली असती, गाडीवर थाप मारली असती, निदान उडी मारून बाजूला झाली असती. मी नाही झाले. मूठ वळल्यावर हललं तर सिग्नलला अर्थ राहत नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं.

हॉस्पिटलात पहिल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नडगीच्या हाडाचा वरचा भाग म्हणजे एक पसरट ताटली, तिच्यावर मांडीचं हाड बसतं. त्या ताटलीची बाहेरची बाजू फुटून खाली खचली होती. ते म्हणाले, खचलेला भाग खालून वर उचलायचा, उचलल्यावर तिथं पोकळी राहते, ती कमरेच्या हाडाच्या चुऱ्यानं भरायची आणि बाजूनं प्लेट लावून स्क्रूनं आवळायचं. मला ते लगेच समजलं. खचलेला पाया आम्ही पण असाच उचलतो. ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर एक्स-रेचा फोटो घेऊन आले, खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, ‘‘फोटो सुंदर आलाय.’’ खरोखर सुंदर होता. प्लेट हाडावर अशी बसली होती की गवंड्यानंही मान डोलवावी. नवऱ्यानं तो फोटो घरी आणला आणि भेटायला येईल त्याला दाखवायला लागला, जसं काही घरात बाळ झालं आहे. लांब हात करून खिडकीशी धरायचा, एकेक स्क्रू मोजून दाखवायचा. आणि पुढे ठरलेलं वाक्य, ‘‘हिनं हातच केला नाही हो. मी आपला आरशात बघतोय, ही नुसती उभी.’’

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, धांदलीत त्याला तसंच आठवत असेल. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, हात केला होता. तो म्हणाला, असेल, तू घाबरली होतीस, तुला वाटत असेल. तिसऱ्यांदा तो हे म्हणाला तेव्हा समोर साइटवरचा नवा ऑपरेटर बसला होता. हा पोरगेलासा माणूस गेली दोन वर्षं माझ्या हातावर काम करत होता. त्यानं पांघरुणावर ठेवलेल्या माझ्या हातांकडे एकदा बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सिग्नलवालीचा पाय मोडला तर बरा होतो. सिग्नल दिला नाही असं एकदा पसरलं की तिच्या हाताखाली कुणी उभं राहत नाही. मी पांघरूण वर ओढून हात आत घेतले.

मग पायावर भार द्यायची परवानगी मिळाली आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. पाय उभा राहायचा, दोन-तीन पावलं गुण्यागोविंदानं चालायचा आणि अचानक गुडघा आतल्या बाजूला निघून जायचा. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, इथं जमीन होती तिथंच होती, पायच सरकत होता. दुखत नव्हतं फारसं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, लोकांना सांगता आलं असतं. मी न्हाणीच्या दारात पडले, एकदा जिन्याच्या तोंडाशी पडता पडता कठडा सापडला. पहिले डॉक्टर म्हणाले, स्नायू अशक्त झालेत, व्यायाम करा. नवरा म्हणाला, फोटो तर एवढा चांगला आहे. शेजारीण म्हणाली, मनात भीती बसते हो. हळूहळू मलाच वाटायला लागलं की हाड जुळलंय आणि मीच मोडलेली आहे. रात्रंदिवस एकच चाळा लागला. बसल्या जागी उजव्या हाताची मूठ वळायची आणि सोडायची. केला होता हात. वळली होती मूठ. अंगठा बाहेर होता, हेसुद्धा आठवतंय. पण शंभर वेळा आठवलेली गोष्ट झिजते, नाण्यावरचा चेहरा जातो तशी, आणि एक दिवस मला खरंच शंका आली की मी नुसतीच उभी होते की काय. त्या दिवशी मी खूप रडले, आणि रडण्याचं कारण पाय आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

धाकट्या बहिणीनं मला उचलून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. धाकटी बोलायला फटकळ, पण वेळेला धावणारी. या डॉक्टरीणबाईंनी फोटोकडे नुसती नजर टाकली आणि तो बाजूला ठेवला. मला टेबलावर आडवं केलं, गुडघा किंचित वाकवला, एक हात घोट्याला, दुसरा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, आणि हळूच आत दाबलं. गुडघा उघडला. दार उघडावं तसा, आतल्या बाजूनं. धाकटीनं तोंडावर हात ठेवला. मग बाईंनी नडगी दोन्ही हातांत धरून पुढे ओढली, तर ती टेबलाच्या सैल खणासारखी पुढे आली. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘हाड जागेवर आहे. धरून ठेवणारं तुटलंय. आतल्या बाजूचं लिगामेंट आणि मधलं, दोन्ही.’’

त्यांनी समजावून सांगितलं की गाडी बाहेरून लागली तेव्हा बाहेरचं हाड चेपलं आणि त्याच क्षणी आतली बाजू ताणून फाटली. हाड फोटोत दिसतं, लिगामेंट दिसत नाही. ते हातानं ताण देऊनच कळतं, आणि सुजलेल्या गुडघ्याला जागेपणी कुणी तसा हात लावू देत नाही. म्हणून प्लेट बसवून झाली की भुलीतच, तिथल्या तिथं गुडघा दोन्हीकडे वाकवून बघायचा असतो. पहिल्या वेळी ते राहून गेलं असावं. हाड इतकं छान बसलं की पुढे बघावंसं कुणाला वाटलं नसेल, असंही त्या म्हणाल्या, आणि हे त्या स्वतःलाही बजावत असाव्यात असं मला वाटलं. आता हाड सांधलं होतं, तेव्हा दुसऱ्या पायाच्या मांडीमागून दोरीसारखा पट्टा काढायचा, हाडात बोगदे पाडून तो ओवायचा आणि आवळायचा. उभी राहाल, चालाल. साइट? शिड्या, खाचखळगे, लोखंडाच्या जाळ्या? त्यांनी मान हलवली नाही, पण पेन खाली ठेवलं. मी हसले. खोटं वाटेल, पण मला आनंद झाला होता. माझ्यात काहीतरी खरोखर तुटलेलं होतं, आणि ते कुणाच्यातरी हाताला लागलं होतं.

मग दुसऱ्या गोष्टीलाही हात लावून बघायचं मी ठरवलं. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी क्रेनवरून उतरवलं होतं. दरवर्षीच्या तपासणीत डोळ्यांच्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, कडेनं दिवा चमकला की बटण दाबा म्हणाले, आणि त्यानं बरीच बटणं दाबलीच नाहीत. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या कडा जात चालल्यात. तो म्हणाला, बटण खराब होतं. घरी आल्यावर मला गॅलरीत नेऊन त्यानं लांबच्या रस्त्यावरच्या बसचा नंबर वाचून दाखवला, दुकानांच्या पाट्या वाचल्या, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग सांगितले. सगळं बरोबर. घारीला आंधळी ठरवतात, म्हणाला. मीही त्या डॉक्टरांना मनसोक्त शिव्या दिल्या. तो त्यानंतर वर गेला नाही, मी मात्र खाली रोज जात राहिले, दुसऱ्याच कुणाला हात दाखवायला. संध्याकाळी घरी आले की तो विचारायचा, नवा कसा आहे, मूठ वळल्यावर थांबतो का लगेच? मी म्हणायचे, तुझ्यासारखा नाही. पण ते वाक्य त्याला बरं वाटायचं तसंच लागायचंही. हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच ती शंका मनात आली तेव्हा मी तिला बराच वेळ दाराबाहेर उभं केलं. तो म्हणतो, मी हात केला नाही. मला माहीत आहे, मी केला. म्हणजे मग त्यानं बघितला आणि गाडी आणली. दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला एकदा, फक्त एकदा, त्या मुठीचं ऐकायचं नव्हतं. धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं, सरळ माझ्याकडे ये. खोली रिकामीच आहे. आणि मी हो म्हणाले, तेव्हा माझं मलाच नवल वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटण्याच्या वेळेत तो पलंगाशेजारी बसला होता. मी त्याला स्पष्ट विचारायचं ठरवलं होतं, आडपडदा न ठेवता.

‘‘मी मूठ वळली होती. ते आता सोड. तुला दिसली होती का, एवढंच सांग. दिसली नाही म्हण, मी घरी येते. दिसूनही गाडी आणली असशील, तर मी धाकटीकडे जाणार.’’

तो चादरीची कड चिमटीत धरून सरळ करत होता. त्याला मी दोन दारं दाखवली होती आणि त्यातलं एक सताड उघडं होतं. नाही दिसली. दोन शब्द. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. इतकं कुणाच्या तोंडाकडे मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

‘‘दिसली होती,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, अजून वीतभर जागा आहे.’’

आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. मूठ बघितल्यावर ऑपरेटरला वाटून घ्यायचा हक्क नसतो. वीतभर जागा आहे असं वाटलेल्या ऑपरेटरांनी माणसं मारली आहेत. मी भिंतीकडे तोंड केलं, आणि तो उठून गेल्याचं खुर्चीच्या आवाजावरून कळलं. धाकटीला निरोप पाठवला की खोली झाडून ठेव.

भूल कमरेखालची होती, मी जागी होते. छातीपाशी हिरवा पडदा आणि त्यापलीकडे माझे दोन पाय, पण ते माझे नव्हते, कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलेले. ड्रिलचा आवाज कमरेतून वर दातांपर्यंत यायचा. दुखत नव्हतं, फक्त हादरत होतं. मला वाटलं, हे आता जन्मभर असंच राहावं, पडद्याच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला जे काय मोडायचं-जोडायचं ते. वयाच्या बाविसाव्या वर्षी मी त्याला पहिल्यांदा मूठ दाखवली तेव्हा वर लोंबकळणारा लोखंडाचा भारा हवेत एकदम स्थिर झाला होता, जरासुद्धा झुलला नव्हता. भारा न झुलवता थांबवणं फार थोड्यांना जमतं. तो आठवून मला तिथं टेबलावर त्याचा इतका राग आला की मशीनवरचे ठोके वाढले आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही होतंय का. शेवटी पडद्यावरून माझा पाय वर आलेला दिसला. बाईंनी तो धरून आत दाबला, बाहेर दाबला, पुढे ओढला. उघडला नाही. ‘‘धरलंय,’’ त्या म्हणाल्या.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी मला खुर्चीत बसवून पाय पट्ट्यात बांधून पुढच्या स्टुलावर ठेवला होता. पाय वॉर्डाच्या मधल्या वाटेत आडवा आला होता. धाकटी औषधं आणायला गेली होती, तिची पिशवी माझ्या मांडीवर. तेवढ्यात तो दारात दिसला. मी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. लांबूनच त्यानं मला ओळखलं, वॉर्डाच्या त्या टोकावरून, इतक्या पलंगांतून. घारच ती. हातात थर्मास होता. माझ्या चेहऱ्यावर नजर ठेवून तो सरळ वाटेनं यायला लागला. तिसऱ्या पलंगाच्या कोपऱ्याला त्याची मांडी लागली, त्यानं बघितलंही नाही. अजून जवळ आला. त्याच्या वाटेत माझा पाय होता. मी विचार केला नाही, हात आपोआपच बाजूला वर गेला आणि मूठ वळली.

तो चालतच राहिला.

त्याची नजर माझ्या तोंडावर होती, ओशाळलेली, काहीतरी बोलू बघणारी. मूठ त्याच्या समोर होती. हातभर बाजूला, पण समोर. तो जितका जवळ येत होता तितकी ती त्याच्यासाठी उरत नव्हती. वरून, त्या उंचीवरून, मी अख्खी त्याच्या नजरेत मावत होते, अंगठीसकट. घरात, जेवायला बसल्यावर, अंगणाएवढ्या तळघरात, मी मावत नव्हते. पेल्याला हात लागून पाणी सांडायचं, चौकटीला खांदा घासायचा, आम्ही दोघं हसायचो. त्याला दिसली नव्हती मूठ. हातच केला नाही, हे तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरतं ते खरंच होतं. खोटं बोलला तो नंतर, चादरीची कड सरळ करत. मी घर सोडून जाईन हे ठाऊक असताना बोलला. आंधळा ठरण्यापेक्षा नालायक ठरणं त्याला परवडलं.

‘‘बस,’’ मी म्हणाले.

तोंडानं म्हणाले. तो जागच्या जागी थांबला. थर्मास झुलला नाही. त्याचं पाऊल माझ्या पायापासून वीतभर लांब होतं.

‘‘काय झालं?’’ त्यानं विचारलं. मूठ मी अजून खाली घेतली नव्हती, आणि तो माझ्या तोंडाकडेच बघत होता.

मला त्याचा राग आला होता आणि तो गेला नाही. तो आता जाणारही नाही, गुडघ्यातल्या प्लेटसारखा आतच राहील. पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं, त्याला दया म्हणावं तर फार थंड होतं. मी मूठ उघडली आणि तोच हात पुढे केला. गाडीची किल्ली दे, म्हणाले. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं खिशात हात घातला. का, असं त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून मला कळलं की त्यालाही ठाऊक आहे, केव्हापासून ते देव जाणे. त्यानं किल्ली पुढे केली, माझ्या हाताच्या थोडी बाजूला. मी हात सरकवला.

धाकटी औषधं घेऊन आली आणि त्याला बघून तिचा चेहरा ताठ झाला. मी किल्ली तिच्याकडे दिली. ‘‘आम्हाला घरी सोड,’’ म्हणाले. ‘‘दोघांना.’’ तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या मांडीवरची पिशवी उचलली. चाकाची खुर्ची आली, मला तिच्यात ठेवलं, पाय पुढे फळीवर सरळ लांब बांधला. खुर्ची मीच ढकलतो, नवरा म्हणाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं मागचे दांडे धरले. धाकटी पुढे धावली, दाराचं एक कवाड बंदच होतं, दुसऱ्यातून जेमतेम खुर्ची जाण्याइतकी वाट. माझा पाय सगळ्यांच्या आधी तिथं पोचणार होता. मागे तो मला दिसत नव्हता आणि पुढचं त्याला दिसत नव्हतं. मी दोन्ही हात मांडीवरच ठेवले.

‘‘सरळ,’’ मी म्हणाले. ‘‘थोडं डावीकडे. अजून. हळू. येऊ दे.’’